बोटाला शाई लागण्याआधीची आणि नंतरची कामं

निवडणूक जवळ आली की शाळेच्या लेकरांची प्रभातफेरी निघते, चौकात फलक लागतो, सगळे हात पुढे करून शपथ घेतात. हे सगळं चांगलंच आहे, होऊ द्या. पण आपल्या मराठवाड्यात पुष्कळांचं मत मतदानाच्या दिवसाच्या कितीतरी आधीच गेलेलं असतं. ते यादीत जातं, भर पावसाळ्यात, कुणाचं लक्ष नसताना. आणि ज्यांनी मत दिलं, त्यांच्या मताचं पुढे काय झालं हे ग्रामपंचायतीच्या ठराव वहीत ठरतं. ती वही उघडून बघणारे गावात चार-दोनच. म्हणून इथे मतदानाच्या दिवसाबद्दल थोडं आणि या दोन कागदांबद्दल जास्त लिहितो आहे.

आधी यादी. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर नाव शोधायचं तर नावाने शोधत बसू नका, ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा तो क्रमांक असतो. नावाने शोधताना ज्ञानोबाचं ग्यानोबा झालेलं असतं, आडनाव पुढे-मागे झालेलं असतं, आणि मग ‘नाव नाही’ असं समजून माणूस नवीन अर्ज भरतो. क्रमांक हाताशी नसेल तर १९५० ला फोन लावा, नाहीतर सरळ बीएलओला गाठा. बीएलओ म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी, बहुधा आपल्याच गावच्या शाळेतले गुरुजी, नाहीतर अंगणवाडीताई.

नुसतं स्वतःचं नाव बघून थांबू नका. आपल्या भागाची पूर्ण यादी मराठीत डाउनलोड होते, ती उतरवून घ्या. एका पानावर तीन रांगांत तीस चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. शेवटी पुरवणी असते, आणि खरी गोष्ट त्या पुरवणीत असते: कोण नवीन आलं, कोण वगळलं, कुणाची दुरुस्ती झाली. वगळलेल्या नावापुढे इंग्रजी अक्षर असतं. ‘ई’ म्हणजे मयत, ‘एस’ म्हणजे स्थलांतरित, ‘आर’ म्हणजे दुबार, ‘एम’ म्हणजे आढळून आले नाही. एका वाडीची पुरवणी घेऊन बसा आणि ‘एस’ लागलेली नावं मोठ्याने वाचा. त्यातली किती माणसं खरोखर गाव सोडून गेलीत आणि किती फक्त हंगामाला गेलीत, हे गावातल्या कोणत्याही म्हातारीला तोंडपाठ असतं.

अर्ज कोणता भरायचा, याची चूक सगळ्यात जास्त होते. पहिल्यांदाच नाव लावायचं असेल तर नमुना ६. पत्ता बदलला, नाव-वय-फोटो चुकला, ओळखपत्र हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद करायची आहे, या चारही कामांना नमुना ८. कुणाचं नाव काढायचं किंवा नावाला हरकत घ्यायची तर नमुना ७. ज्याचं नाव आधीच कुठेतरी आहे त्याने नमुना ६ भरला की दोन ठिकाणी नाव लागतं. नमुना ६ वर ‘माझं नाव याआधी कुठे नाही’ अशी घोषणा असते आणि खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. सायबर कॅफेवाल्याने घाईत कोणता नमुना उघडला हे सही करण्याआधी वाचा. तिथे मोबाइल क्रमांकही स्वतःचा टाका. त्याने आपला टाकला तर अर्जाचे सगळे संदेश त्याच्याकडे जातील आणि अर्ज का नाकारला हे तुम्हाला कळणार नाही. अर्ज भरल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा.

वयाचा नियमही २०२२ पासून बदललाय, तो घरोघर पोचलेला नाही. आधी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण असावी लागत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलीला आधीच अर्ज देऊन ठेवता येतो. बारावीच्या वर्गात एका दिवसात हे काम उरकतं. वयाला जन्मदाखला, आधार किंवा दहावीचं प्रमाणपत्र चालतं. पत्त्याला आधार, बँक-पोस्टाचं पासबुक, वीजबिल किंवा शेतीचा उतारा चालतो, आणि तो कागद आई-वडिलांच्या नावावर असला तरी चालतो. पुण्याला किंवा संभाजीनगरला शिकणाऱ्या पोरांना गावाकडे किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एकीकडे नाव ठेवता येतं. कुठे ठेवायचं हे एकदा ठरवा आणि तिथे जाऊन मत द्या.

लग्न होऊन आलेल्या सुनांचा प्रश्न वेगळा लिहिण्यासारखा आहे. नाव माहेरी राहतं. तिकडचा बीएलओ ‘लग्न होऊन गेली’ म्हणून ते कमी करतो, इकडे कुणी लावत नाही, आणि दोन-दोन निवडणुका बाई कुठल्याच यादीत नसते. उपाय साधा आहे: माहेरचं नाव कमी व्हायच्या आत सासरच्या पत्त्यावर नमुना ८ भरायचा, त्यात ‘स्थलांतर’ हा पर्याय निवडायचा, पत्त्याला नवऱ्याच्या नावाचा कागद जोडायचा. जुना ओळखपत्र क्रमांक तोच राहतो. लग्नसराई उरकली की गावातल्या बचत गटाने आपल्या सगळ्या नव्या सुनांचे अर्ज एका बैठकीत भरून टाकावेत, इतकं हे सोपं आहे.

अर्जाला मुदत किती? उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर नाव लागत नाही. मधे हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोचलेला हवा. हे झालं लोकसभा-विधानसभेचं.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिकेचं गणित निराळं. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो स्वतः नवीन नाव नोंदवत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि ती प्रभागांत, गणांत, वॉर्डांत फोडतो. २ डिसेंबर २०२५ ला नगरपालिकांचं मतदान झालं, त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. जुलैनंतर अठरा पूर्ण झालेल्यांच्या, ऑगस्टमध्ये नाव लावलेल्यांच्या हाती ओळखपत्र होतं आणि मत मात्र नव्हतं. त्यावरून केंद्रावर वाद घालून उपयोग नसतो, कारण केंद्राध्यक्षाच्या हातात काहीच नसतं. स्थानिक निवडणुकीचा सुगावा लागायच्या आधी, म्हणजे रोजच्या दिवसांत नाव लावून ठेवणं हाच मार्ग.

यादी फोडताना आणखी एक घोळ होतो. रस्त्याच्या या बाजूची घरं त्या वॉर्डात जातात, तांड्यावरचे लोक गावठाणात पडतात, एकाच घरातली सासू एका वॉर्डात आणि सून दुसऱ्यात. प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतीला मोजके दिवस मिळतात. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि तहसीलला लागते. या टप्प्यावर ‘माझं नाव चुकीच्या वॉर्डात आहे’ किंवा ‘विधानसभेच्या यादीत आहे पण इथे सुटलं’ एवढ्याच हरकती घेतल्या जातात. नवीन नाव लावा, मयताचं काढा, या मागण्या तिथे चालत नाहीत. हरकत लेखी द्या, विधानसभेच्या यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं तहसीलच्या गर्दीत विरून जातं.

आता ऊसतोडीचं. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या पट्ट्यातून, आणि जालना-परभणीकडूनही, दसरा झाला की टोळ्या निघतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कधी त्याहून उशिरापर्यंत, माणसं कारखान्यावर. आता तारखा बघा. १५ जानेवारी २०२१ आणि १८ डिसेंबर २०२२ या ग्रामपंचायतींच्या मतदानाच्या दोन मोठ्या तारखा, दोन्ही ऐन हंगामातल्या. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला, म्हणजे टोळ्या निघायच्या किंवा नुकत्या पोचायच्या वेळी. ज्यांच्या वस्तीत पाणी नाही, रस्ता नाही, त्यांनाच गावचा कारभारी निवडायच्या दिवशी दोनशे-तीनशे किलोमीटरवर कोयता चालवावा लागतो. ही गोष्ट मनाला लागते, आणि ती नुसत्या आवाहनाने सुटणारी नाही.

स्थलांतरित मजुरांसाठी टपाली मतदान नाही. जिथे आहात तिथूनच मत देता येईल अशा यंत्राचा नमुना आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांसमोर ठेवला, पण ते अजून वापरात नाही. लोकसभा-विधानसभेला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे पगारी सुट्टी आहे आणि ती रोजंदारीवरच्या मजुरालाही आहे. ऊसतोडीत मात्र मजुरी टनावर, व्यवहार टोळी नेणाऱ्या मुकादमाशी, आणि अंगावर आधीच घेतलेली उचल, त्यामुळे सुट्टीचा पगार मागायचा कुणाकडे इथेच गाडं अडतं. उमेदवाराने गाड्या पाठवून माणसं आणणं हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो. तरी गाड्या येतात, आणि त्या गाडीत बसून आलेल्या माणसाच्या मनावर उपकाराचं ओझं राहतं. त्यापेक्षा टोळीने स्वतःची सोय स्वतः केलेली बरी. उचल घेतानाच मुकादमाशी बोलून ठेवायचं की मतदानाला एक दिवस फड बंद राहील. येण्याजाण्याचं भाडं टोळीने वर्गणीतून उभं करायचं आणि कारखान्याला आठ दिवस आधी लेखी कळवायचं. हे सगळीकडे जमेलच असं नाही. जिथे मुकादम गावचाच आहे आणि त्यालाही मत द्यायचं आहे, तिथे जमण्याची शक्यता जास्त.

निघण्याआधी दोन कामं मात्र प्रत्येक घराने करायचीच. एक, बीएलओच्या वहीत आपला मोबाइल क्रमांक लिहून ‘हंगामी स्थलांतर, एप्रिलमध्ये परत’ असं सांगून जायचं. घराला कुलूप दिसलं की ‘एस’ लागण्याची भीती असते. नाव कमी करण्याआधी नोटीस आणि स्थळपाहणी व्हायला हवी, पण नोटीस कुलपाला चिकटवली तर ती वाचणार कोण? दोन, घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं एका पिशवीत सोबत न्यायची. ती गावाकडे पत्र्याच्या पेटीत राहिली तर माणूस थेट केंद्रावर उतरूनही अडतो.

मतदानाच्या दिवसाचं फार लिहीत नाही, तीन-चार गोष्टी तेवढ्या. मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, ती फक्त तुमचा अनुक्रमांक सांगते. ओळखपत्र नसेल तर आधार, मनरेगाचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँक-पोस्टाचं पासबुक, वाहन परवाना, पॅनकार्ड, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड यांपैकी एक मूळ कागद चालतो. झेरॉक्स चालत नाही. तुमचं नाव ‘गैरहजर, स्थलांतरित, मयत’ अशा वेगळ्या यादीत असलं तरी घाबरू नका. मुख्य यादीत नाव शाबूत असेल तर ओळख पटवून आणि घोषणापत्रावर सही-अंगठा देऊन मत देता येतं. तुमच्या नावाने आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका, केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की ते छापील मतपत्रिकेवर देता येतं. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर तोच पुरावा असतो. किती मतं अशी पडली याची नोंद राहिली की बोगस मतदान झालं ही तक्रार हवेत राहत नाही.

विधानसभा-लोकसभेला ८५ वर्षांपुढच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२ड अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. आजोबांची आठवण मतदानाच्या आदल्या दिवशी झाली तर ही सोय गेलेली असते.

ग्रामपंचायतीला एका माणसाला एकापेक्षा जास्त मतं असतात: वॉर्डातल्या जागांइतकी, आणि थेट सरपंचाचं वेगळं. पहिलं बटण दाबून लोक निघू लागतात. सगळ्या जागांची मतं पडल्यावरच लांब बीप वाजते, तोवर थांबा. एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचा नोटा दाबा. नोटाबद्दल थोडं अधिक. २०१९ ला लातूर ग्रामीण विधानसभेत नोटा २७ हजारांहून जास्त मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पहिला आला असता तरी विधानसभेत नोटाने निवडणूक रद्द होत नाही, त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. विधानसभेला नोटाकडून फेरनिवडणुकीची आशा धरू नये.

आता ठराव वही. मला विचाराल तर आपल्या गावांत सगळ्यात मोठी गळती इथे आहे.

ग्रामपंचायत कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि त्या न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं. बहुतेक गावांत १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी हे दिवस ठरलेले. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. सहाशे मतदारांच्या गावाला नव्वद माणसं, दोन हजारांच्या गावालाही शंभरच. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुढच्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. गडबड नेमकी इथे होते. पहिल्या सभेला कुणी जात नाही, दुसरी सभा कधी झाली ते कळत नाही, आणि पंधरा माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. हजेरीची वही घरोघर फिरवून सह्या घेण्याचा प्रकारही जुनाच आहे. सभेला न बसता त्या वहीत सही करू नका. तुमची एक सही म्हणजे न वाचलेल्या सगळ्या ठरावांना दिलेला होकार.

प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची आहे आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढे मांडायच्या आहेत. पाणी, नाली, शौचालय, दारू, अंगणवाडी हे विषय तिथून आले की ग्रामसभेत टाळता येत नाहीत. बऱ्याच ठिकाणी महिला सभा कागदावरच होते. बचत गटांनी तारीख विचारायला सुरुवात केली की ती प्रत्यक्ष भरायला लागते.

सभेत नुसतं ओरडून काही होत नाही. विषय सभेच्या निदान आठवडाभर आधी ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, लेखी द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. मग तो विषयपत्रिकेत येतो. ‘आयत्या वेळच्या विषयांत बघू’ म्हणाले तर समजा की तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतील.

ठरावाचे शब्द स्वतः लिहून न्या. ‘गावात नाल्या व्हाव्यात’ हा ठराव कुणालाच बांधून ठेवत नाही. असा लिहा: ‘वॉर्ड क्रमांक २ मधील मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा या अंदाजे १२० मीटर लांबीच्या रस्त्याच्या पूर्वेला बंदिस्त नाली करण्याचे काम बंधित निधीतून पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात घेण्यात यावे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर.’ ठिकाण, लांबी, निधी आणि वर्ष, चारही त्यात आहेत. बंधित म्हणजे ठरावीक कामांनाच बांधलेला निधी, अबंधित म्हणजे मोकळा; हा फरक ओळखा. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, त्यातून सभामंडप मागून उपयोग नव्हता. आणि जे काम आराखड्यात चढलेलं नाही त्याला वित्त आयोगाचा पैसा मिळत नाही. तो आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून कुणालाही बघता येतो. सभेत मंजूर झालेलं काम तिथे आहे का, हे मोबाइलवर पाच मिनिटांत कळतं.

सभा संपताना प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, जागेवर वाचून दाखवायला सांगा. ठराव आणि त्याखालची सही यांच्यात कोऱ्या ओळी सोडलेल्या असतील तर तिथेच आडवी रेघ मारायचा आग्रह धरा. त्या कोऱ्या ओळींत नंतर काय लिहिलं जाईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

टँकरचं उदाहरण घ्या. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. वाडी-वस्तीचं नाव, लोकसंख्या आणि जनावरांची संख्या ठरावात लिहून ग्रामपंचायतीने प्रस्ताव पंचायत समितीला पाठवायचा, मग पाहणी, मग मंजुरी. टंचाईत माणशी दिवसाला २० लिटर हे प्रमाण धरतात. ठरावात तांड्याचं नाव सुटलं तर टँकर गावातल्या विहिरीत रिकामा होतो आणि तांड्यावरच्या बायका घागरी घेऊन दोन किलोमीटर चालतात. एप्रिलमध्ये टँकर का येत नाही म्हणून मोर्चा काढायची वेळ येण्याआधी २६ जानेवारीच्या सभेत हा ठराव झालेला हवा.

ठरावाची नक्कल मागा. दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, नक्कल पानाला दोन रुपये, मुदत तीस दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. ‘सर्व कामांची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची व हजेरी नोंदवहीची साक्षांकित प्रत’ एवढंच मागा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हंगामाच्या तोंडावर १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दोनच सभा हाताशी असतात. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाची मागणी करायची ती याच काळात, लेकरांची नावं आणि इयत्ता यांच्या यादीसह. त्या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, त्यामुळे ऊसतोड कुटुंबातला एक तरी पालक तिच्यावर असला पाहिजे. २६ जानेवारीच्या सभेसाठी निघण्याआधी टोळीच्या सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन देऊन ठेवा. गैरहजर माणसाचं मत सभेत मोजत नाहीत, पण आवक क्रमांक पडलेलं निवेदन दप्तरात राहतं, आणि सभेला हजर असलेला भाऊबंद ते वाचून त्यावर ठराव मागू शकतो. पोचेची प्रत त्याच्याकडे देऊन जा.